पकड

दुसऱ्या लाटेतला वैशाख.
चप्पल लाईनीत सगळी शटरं गुडघ्याएवढी उघडी,
आत माणूस आहे हे नुसतं हातोडीवरनं कळायचं.

ती आली तेव्हा आधी पाय दिसले.
आम्हाला पायच दिसतात आधी, चेहरा मागनं येतो,
आणि त्या साली तर चेहरा कुणालाच नव्हता.
उजव्या पट्ट्याची शिवण उसवलेली.
"किती?"
"पन्नास. आधी द्या."
मी शटरखालनं हात पुढं केला.
तिनं नोट पायरीवर ठेवली,
कसल्याशा पाण्यानं ओली,
वर एक खडा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून,
आणि चार हात मागं सरली.
माझा हात तसाच. उन्हात.

अण्णांचा हात असाच राहायचा,
कागलकडं, एका सोप्याच्या कडेला.
वरनं पडायचं: पाणी, भाकरी, बंदा रुपया.
ते उचलायचे, कपाळाला लावायचे,
आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.
मी सहा वर्षांचा.
मला वाटायचं, दमलेत.

"ताराबाई पार्कातली असणार," शेजारचा बाळकू बोलला,
"पैशाचा माज."
मला माज वाटला नाही.
मी मनातल्या मनात तिचं आडनावसुद्धा ठरवून टाकलं.

मग आरी घेतली.
जिथं सात टाके, तिथं पाच घातले.
वरनं मेण असं फिरवलं
की अण्णांनाही कळलं नसतं.
(कळलं असतं.)

आठवड्यानं परत आली, दुसरा जोड घेऊन.
नोट. पाणी. खडा.
या वेळी मी तयारीत होतो.
कातडं ताणायची लोखंडी पकड काढली,
तिच्या डोळ्यांदेखत नोट चिमटीत धरली,
मेलेला उंदीर धरावा तशी,
आणि डब्यात टाकली.

ती थांबली.
मास्कवरचे डोळे बारीक झाले. हसत होती.
"बरं वाटलं बघा," म्हणाली,
"या अख्ख्या लाईनीत तुम्ही एकटेच काळजी घेता."

माझा सूड
ती कौतुक म्हणून घेऊन गेली.

ज्येष्ठात दऱ्याप्पाला, माझ्या मेव्हण्याला,
रिक्षात आडवा घालून सीपीआरला नेला.
दारातच एक पांढरा प्लास्टिकचा झगा ओरडला,
"लांब! माझ्यापासून लांब राहा, मी वॉर्डातनं आलेय!"
आवाज ओळखीचा वाटेना. मान खाली गेली, सवयीनं.
चप्पल माझी.
उजवा पट्टा तुटलेला,
जखमेला बांधतात त्या जाळीच्या कापडानं
तळव्याशी आवळून बांधलेला.
आतनं कुणी हाक मारली, "मोमीन सिस्टर!"
आणि ती पळाली,
एक पाय ओढत.

मी ठरवलेलं आडनाव
तिथंच कुठंतरी फरशीवर पडलं असेल.

रात्रभर बाहेरच्या कट्ट्यावर बसून मोजत होतो:
पाच टाके. वॉर्ड केवढा लांब असेल. दिवसात किती खेपा.
चूक झाली, खरी.
पण चूक मी हवेतनं आणली नव्हती.
अण्णांचा हात खोटा नव्हता.
तिची ओली नोटही खोटी नव्हती.
दोन्ही एकाच पायरीवर आले,
आणि मला एकच वाचता येत होतं.

दऱ्याप्पा अकराव्या दिवशी घरी आला.
चप्पल त्याच आठवड्यात आली, पायरीवर, पिशवीत.
मी नऊ टाके घातले, दुहेरी वादीनं.
पैसे नको म्हणायचं होतं; का नको ते सांगावं लागलं असतं.

खड्याखाली नोट होती.
पकडीनंच उचलली.
तिनं लांबनं मान हलवली, नेहमीसारखी,
शाबासकी दिल्यागत.
मीही हलवली.
हातातली पकड आता कसली होती,
ते आजवर ठरवता आलेलं नाही.